रोडरनर : शिकार व निरीक्षण

रोडरनर हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागात आणि मेक्सिकोत, निवडुंगाच्या उजाड झुडपी प्रदेशात जमिनीवर धावून शिकार करणारा पक्षी आहे. त्याचे कुल क्युक्युलिडी, म्हणजे आपल्याकडील कोकीळ व भारद्वाज यांचेच. त्याचे शास्त्रीय नाव जिओकॉक्सिक्स कॅलिफोर्नियानस असून रने लेसाँ यांनी १८२९ मध्ये त्याचे वर्णन केले. जि. व्हेलॉक्स ही धाकटी जाती मेक्सिको व मध्य अमेरिकेत आढळते. न्यू मेक्सिकोने १९४९ मध्ये रोडरनरला राज्यपक्षी केले.

पक्षी सुमारे ५५ सेंमी. लांब असून त्यातली जवळजवळ निम्मी लांबी शेपटीची. पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असल्याने वाळूत फुलीसारखा ठसा उमटतो आणि त्यावरून पक्षी कुठल्या दिशेला गेला ते सहज कळत नाही.

तो ताशी सुमारे ३० किमी. वेगाने धावतो, पण शिकारीचा बराच वेळ सावकाश चालण्यात जातो. चार पावले चालणे, थबकणे, तुरा उभारून मान वळवणे आणि मग एकाएकी झेप, असा क्रम असतो. नाकतोडे, विंचू, सरडे, उंदीर, लहान पक्षी असे जे हाती लागेल ते तो खातो. भक्ष्य चोचीत धरून दगडावर पुन्हा पुन्हा आपटतो. अंगावर शिंगे असलेला सरडा गिळताना तो डोके आधी घेतो आणि काटेरी पाठ स्वतःच्या नाजूक अवयवांपासून दूर राहील अशी ठेवतो. साप लांब असला, तर अर्धा पोटात व अर्धा चोचीबाहेर लोंबता ठेवून तो तसाच हिंडत राहतो.

रॅटलस्नेक या विषारी सापाशी होणाऱ्या झुंजीविषयी बरेच लिहिले गेले आहे. झोपलेल्या सापाभोवती रोडरनर निवडुंगाच्या काटेरी तुकड्यांचे कुंपण रचतो व मग त्याला डिवचतो, ही कथा गुराख्यांमध्ये जुनी आहे. तिचा उगम निश्चित सांगता येत नाही. काहींनी ती प्रत्यक्ष पाहिल्याचे सांगितले असले, तरी विश्वसनीय पुरावा नाही व अभ्यासक ती लोककथाच मानतात. त्या भागातील वुडरॅट नावाचे उंदीर आपल्या बिळाभोवती निवडुंगाचे तुकडे रचतात आणि अशा ढिगांत साप आश्रय घेतात. कथेचे मूळ तिथे असावे, हे अधिक संभाव्य वाटते. झुंज मात्र खरी आहे. पंख पसरून सापाला हूल द्यायची, वार चुकवायचा आणि डोक्यामागे पकडायचे, अशी त्याची रीत. कधी जोडीतले दोघे मिळून साप मारतात. तथापि नाकतोडे व सरडे यांच्या मानाने ही शिकार विरळाच.

निरीक्षणासाठी सकाळ उत्तम. रात्री शरीराचे तापमान काही अंशांनी उतरते. सूर्य वर आला, की तो उन्हाकडे पाठ करून पिसे फुलवतो आणि त्याखालची काळी कातडी तापवून घेतो. ओमार्ट व लॅसिएव्स्की यांनी १९७१ मध्ये या उन्हाने होणारी ऊर्जेची बचत मोजून दाखवली. एवढा वेळ तो जागचा फारसा हलत नाही. अंतर राखून बसलेल्याला त्यानंतरची पहिली शिकारही पाहता येते. विणीच्या काळात नर चोचीत सरडा धरून मादीपुढे शेपटी हलवत उभा राहतो व मीलनानंतरच तो तिला देतो. न्यू मेक्सिकोतील बॉस्के देल अपाचे व टेक्ससमधील बिग बेंड या संरक्षित क्षेत्रांत हे पक्षी दिसतात.