किरिबासचा राष्ट्रध्वज

किरिबास हा पॅसिफिकमधला ३३ बेटांचा देश, सगळी जमीन मिळून जेमतेम ८११ चौरस किलोमीटर, पण पसारा विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना हजारो किलोमीटरचा. ब्रिटिशांकडून १२ जुलै १९७९ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हापासून हा ध्वज अधिकृत आहे. वरचा अर्धा भाग लाल, त्यात समुद्रातून वर येणारा सोनेरी सूर्य आणि त्याच्यावर उडणारा सोनेरी फ्रिगेट पक्षी, खाली निळ्यावर तीन पांढऱ्या नागमोडी पट्ट्या. म्हणजे हा ध्वज कमी आणि चित्र जास्त वाटतं.

मूळ चित्र आहे आर्थर ग्रिंबल या ब्रिटिश अधिकाऱ्याचं, १९३० च्या दशकात त्याने ते गिल्बर्ट आणि एलिस बेटांच्या ब्रिटिश वसाहतीसाठी काढलं होतं, किरिबास तेव्हा तिचाच भाग होता. स्वातंत्र्याच्या वेळी ध्वज आणि राजचिन्हं ठरवणाऱ्या लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्स या संस्थेने त्यात हात घातला, सूर्य आणि पक्षी मोठे करायचे आणि पट्ट्यांचा, म्हणजे समुद्राचा, भाग कमी करायचा असं त्यांचं म्हणणं, पण तिथल्या लोकांनी ऐकलं नाही, आमचं आहे तसंच ठेवा म्हणाले आणि तेच झालं. बरं झालं, कारण समुद्र कमी केलेला किरिबास म्हणजे काय उरलं?

फ्रिगेट पक्षी म्हणजे ताकद, स्वातंत्र्य आणि समुद्रावरची हुकमत. गंमत अशी की या पक्ष्याची पिसं नीट वॉटरप्रूफ नसतात, त्यामुळे तो पाण्यावर बसत नाही, आणि दुसऱ्या पक्ष्यांच्या तोंडचा मासा हवेतच पळवतो. तिथल्या पारंपरिक नाचात पसरलेले हात आणि मानेचे ते अचानक झटके याच पक्ष्याचे.

तीन पट्ट्या म्हणजे गिल्बर्ट, फिनिक्स आणि लाइन हे तीन बेटसमूह. सूर्याचे किरण १७, त्यातले १६ गिल्बर्टच्या १६ बेटांचे आणि सतरावा बानाबाचा, आणि खरी गोष्ट या सतराव्याचीच आहे. बानाबा तिन्हींपैकी कुठल्याच समूहात धरत नाहीत, बेट एकटंच पश्चिमेला. १९०० पासून फॉस्फेटसाठी ब्रिटिशांनी ते खणून काढलं, दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ मध्ये बहुतेक लोकांना फिजीतल्या राबी बेटावर नेऊन ठेवलं, आणि खाण बंद झाली ती थेट १९७९ मध्ये, म्हणजे ध्वज फडकला त्याच वर्षी. बानाबाच्या लोकांना तर किरिबासमध्ये यायचंच नव्हतं, वेगळं व्हायचं म्हणून ते भांडत होते, तरी ध्वजावर त्यांचा किरण आहेच. राबी आजही फिजीत आहे आणि तिथून एक प्रतिनिधी किरिबासच्या संसदेत बसतो.

उगवत्या सूर्याला नंतर आणखी एक कारण मिळालं. आंतरराष्ट्रीय वाररेषेमुळे देशात एकाच वेळी दोन तारखा असायच्या, ती भानगड १९९५ मध्ये रेषा पूर्वेला सरकवून मिटवली, त्यामुळे लाइन बेटांवर नवा दिवस जगात सगळ्यात आधी सुरू होतो.