बॅकलॅश नाही हो, एंड प्ले आहे तो!

टेलिस्कोपच्या माउंटचा, म्हणजे त्याला धरून फिरवणाऱ्या स्टँडचा, आरए अ‍ॅक्सिस (ताऱ्यांच्या मागे फिरणारा अक्ष) हाताने हलवला की टक-टक लागतं, आणि माणूस लगेच अ‍ॅलन की काढून वर्मला, म्हणजे चाक फिरवणाऱ्या आट्यांच्या दांड्याला, चाकाकडे ढकलत बसतो. इतक्यांदा बघितलंय हे की आता वैताग आलाय. बॅकलॅश काय ते तुम्हाला माहितीये, वर्मचे आटे आणि चाकाचे दाते यांच्यातली फट, त्यावर जास्त बोलत नाही. पण हाताला अगदी तसंच टक-टक देणारा दुसरा प्रकार म्हणजे एंड प्ले, म्हणजे वर्मचा अख्खा शाफ्टच बेअरिंगमध्ये आत-बाहेर खेळतोय. दाते घट्ट बसलेले का असेनात, शाफ्ट सरकला की चाक हलणारच.

सरकून सरकून किती सरकेल असं वाटतं ना? 45 मिमी त्रिज्येचं चाक धरा, शाफ्ट 0.01 मिमी जरी सरकला तरी आकाशात जवळपास 46 आर्कसेकंद (एका अंशाचे 3600 भाग केले तर त्यातला एक म्हणजे आर्कसेकंद) होतात, म्हणजे गुरू जवळ आलेला असताना त्याची अख्खी चकती जेवढी दिसते साधारण तेवढे, आणि ट्रॅकिंगच्या वेगाने मोटरला ते भरून काढायला तीन सेकंद लागतात. वाऱ्याची झुळूक आली की तारा उडी मारतो तो बरेचदा यामुळे.

ओळखायचं कसं, तर क्लच आवळा, वर्मच्या टोकाची कॅप काढा, शाफ्टचं टोक आणि हाउसिंग दोन्हीला लागेल असं नख टेकवा (डायल गेज असेल तर उत्तमच) आणि दुसऱ्या हाताने ट्यूब हळू मागेपुढे करा. टोक नखाला टोचतंय म्हणजे एंड प्ले. टोक गप्प आणि तरी टक-टक, तर बॅकलॅश. शिवाय बॅकलॅश चाक फिरवलं की कमीजास्त होतो कारण चाक क्वचितच अगदी गोल असतं, एंड प्ले मात्र सगळीकडे सारखाच. मी स्वतः एक अख्खा सीझन वर्म दाबत राहिलो, दिवसा गच्चीवर सगळं छान फिरायचं आणि डिसेंबरच्या पहाटे मोटर अडकायची, कारण थंडीत अ‍ॅल्युमिनियमची बॉडी पितळी चाकापेक्षा जास्त आकसते. टक-टक होतं तिथेच!

आता बेअरिंग. बऱ्याच माउंटमध्ये वर्मला 608 नंबरची बेअरिंग असतात, 8 बाय 22 बाय 7 मिमी (भोक, बाहेरचा व्यास, जाडी), स्केट्सच्या चाकात असतात तेच. झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, टूआरएस म्हणजे रबराचं, इथे काहीही चालतं, वर्म आठ-दहा मिनिटांत एक फेरा मारतो हो. एबेक नंबरवर (बेअरिंग किती अचूक त्याचा दर्जा) पैसे उडवू नका. फक्त सी-थ्री लिहिलेलं घेऊ नका, ते गरम होणाऱ्या मोटरसाठी, आत फट जास्त, आणि रेडियल (शाफ्टला आडवी) फट असते त्याच्या कित्येक पट ती शाफ्टच्या दिशेला जाणवते.

पण नुसतं बेअरिंग बदलून एंड प्ले जात नाही, तो जातो ते धरून ठेवणाऱ्या गोष्टीने. आट्याची रिंग असेल तर शाफ्ट हाताने फिरवत फिरवत आवळायची, बोटाला खरखर लागली की थोडी मागे. जोर लावला तर गोळ्यांचे खड्डे रेसवर (गोळ्या फिरतात त्या कड्यावर) उमटतात आणि नवं बेअरिंग तिथल्या तिथे भंगार. सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची रिंग) असेल तर ती आवळता येतच नाही, खाचेतच ढिली असते, तिथे 0.1 मिमीचे शिम वॉशर (पातळ चकत्या) घालून फट भरायची. आणि फाकलेली जुनी सर्क्लिप परत लावणाऱ्यांना तर माझा नमस्कार.

वर्म-चाकाची फट ह्या सगळ्यानंतर, आणि तीसुद्धा चाक जिथे सगळ्यात टाईट लागतं तिथे. त्याआधी रिंगचा ग्रब स्क्रू (तिला जागेवर धरणारा छोटा स्क्रू) आवळून झाल्यावर नख परत एकदा टेकवा, कारण तो आवळताना रिंग जराशी फिरतेच.