खटल्यास सामोरे जाण्याची मानसिक क्षमता

आपल्यावर कोणता आरोप आहे, न्यायालयात काय चालले आहे आणि त्याचा शेवट कशात होऊ शकतो हे समजण्याची, तसेच बचावासाठी आपल्या वकिलाला माहिती देण्याची फौजदारी खटल्यातील आरोपीची कुवत. ही कुवत नसलेल्या माणसावर खटला चालवणे हे त्याच्या गैरहजेरीत खटला चालवण्यासारखेच आहे. तो देहाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असतो. पण साक्षीदार खोटे बोलत असेल तर ते वकिलाला सांगू शकेल असे कोणी तेथे नसते.

गुन्हा घडतेवेळची मनोविकलता हा याहून वेगळा प्रश्न आहे आणि या दोहोंची गल्लत फार होते. कृत्याच्या वेळी आरोपीला त्याचे स्वरूप कळत नव्हते असे सिद्ध झाल्यास तो निर्दोष सुटू शकतो. येथे मात्र आरोपीची आजची स्थिती पाहिली जाते, आणि तो अक्षम ठरला तर निकाल न लागता खटला तहकूब होतो. गुन्ह्याच्या वेळी पूर्ण भानावर असलेला माणूस खटल्याच्या वेळी अक्षम असू शकतो, आणि उलटही घडू शकते.

या तत्त्वाचे मूळ इंग्लंडच्या जुन्या कायद्यात आहे. आरोपीने आरोपाला उत्तर दिल्याखेरीज तेथे खटला पुढे सरकत नसे. म्हणून गप्प राहणारा आरोपी हट्टाने गप्प आहे की दैवाने, हे ज्यूरीला, म्हणजे निवाड्यासाठी बसवलेल्या सामान्य नागरिकांना, ठरवावे लागे. हट्टी ठरलेल्याच्या छातीवर वजने ठेवण्याची क्रूर तरतूद १७७२ पर्यंत टिकून होती. १८३६ साली प्रिचर्ड या मूकबधिर आरोपीच्या खटल्यात न्यायाधीश अॅल्डरसन यांनी कसोटी घालून दिली: योग्य बचाव करता येईल इतपत आरोपीला कामकाज समजते का? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये डस्की खटल्यात तिला अधिक नेमकेपणा दिला. स्थळकाळाचे भान आणि घटनेची थोडीफार आठवण एवढ्याने भागत नाही, तर कामकाजाची तथ्यात्मक आणि विवेकी अशी दोन्ही प्रकारची समज लागते, असे त्या न्यायालयाने म्हटले.

‘विवेकी’ या शब्दाचे महत्त्व प्रत्यक्ष तपासणीत कळते. न्यायाधीशांचे काम काय, सरकारी वकील कोणाच्या बाजूने बोलतात, गुन्हा कबूल केल्यास काय होईल, असे साधे प्रश्न मनोविकारतज्ज्ञ विचारतात. एखादा आरोपी या सर्वांची बिनचूक उत्तरे देतो आणि शेवटी सांगतो की आपला वकीलही आपल्याविरुद्धच्या कटात सामील आहे, म्हणून त्याला काहीच सांगायचे नाही. माहिती शाबूत असली तरी भ्रमामुळे तिचा उपयोग करता येत नाही. निरक्षरता किंवा कायद्याचे अज्ञान ही मात्र अक्षमता नव्हे, आणि केवळ मनोविकाराचे निदान झाले म्हणूनही कोणी अक्षम ठरत नाही. तज्ज्ञ मत देतो. निर्णय न्यायालयाचा असतो.

भारतात १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे ३६७ ते ३७८ या विषयाला वाहिलेली आहेत. त्यापूर्वी १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे पंचविसावे प्रकरण लागू होते. आरोपी अक्षम असला तरी त्याच्याविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा आहे का, हे न्यायालयाने आधी पाहायचे असते, आणि तो नसल्यास त्याला सोडून द्यायचे असते. हे कलम मोलाचे आहे, कारण बिनबुडाच्या आरोपापायी आजारी माणसाला अडकवून ठेवण्याचे काहीच कारण नाही.

खरा धोका तहकुबीत आहे. आरोपीच्या रक्षणासाठी थांबवलेला खटला त्यालाच बेमुदत कोंडून ठेवू शकतो. एकूण नऊ डॉलरच्या दोन चोऱ्यांचा आरोप असलेल्या मूकबधिर आणि मतिमंद जॅक्सनच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ठरवले की क्षमता परत येण्याची शक्यता अजमावण्यास लागेल तेवढ्याच वाजवी काळापुरते केवळ अक्षमतेच्या कारणावरून डांबून ठेवता येईल. भारतात आसाममध्ये १९५१ साली अटक झालेल्या एका तरुणाला मनोरुग्णालयात पाठवण्यात आले, आणि पुढे डॉक्टरांनी तंदुरुस्त ठरवूनही त्याचा खटला कधी उभा राहिला नाही. २००५ मध्ये एक रुपयाच्या वैयक्तिक जातमुचलक्यावर तो सुटला, तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती.