स्तन पुनर्रचनेनंतरचे गरोदरपण: वाद पोटाच्या स्नायूचा

कर्करोगामुळे काढलेला स्तन पुन्हा घडवणे म्हणजे स्तन पुनर्रचना. यात १९६०च्या दशकात सिलिकॉन इम्प्लांट आले, तरी प्रसूती कक्षाला त्याची फारशी दखल घ्यावी लागली नाही. गुंता झाला तो १९८२ नंतर, ट्राम फ्लॅपची पद्धत प्रसिद्ध झाल्यावर. यात पोटाचा उभा स्नायू त्वचा आणि चरबीसकट छातीवर नेतात. मागे राहिलेली भिंत शिवून किंवा जाळी बसवून सावरतात.

अशी स्त्री गरोदर राहिली तर? भिंत ताणून हर्निया होईल, कळांच्या वेळी जोर लावता येणार नाही, तेव्हा सिझरच बरे, असा सावध सूर होता. शस्त्रक्रियेनंतर निदान वर्षभर थांबा, हा सल्लाही त्याच काळजीतला. काळजी अगदीच पोकळ नव्हती; ट्रामनंतर पोटाला फुगवटा किंवा हर्निया गरोदरपणाशिवायही होतो. पण कळा येतात गर्भाशयाला, आणि जोर लावताना श्वासपटल व उरलेले स्नायू साथ देतात. दिवस भरून नैसर्गिक प्रसूती झाल्याच्या नोंदी येत गेल्या. त्या बहुतेक एकेका रुग्णाच्या, मोठ्या चाचण्यांच्या नव्हेत. तरीही केवळ फ्लॅप आहे म्हणून सिझर नको, हे मत बळावले. ते रास्तच आहे. कमजोर भिंतीवर विनाकारण आणखी एक छेद कशाला?

१९९०च्या दशकात स्नायू जागेवर ठेवून फक्त त्वचा-चरबी घेणारा डीआयईपी फ्लॅप रुळू लागला आणि वादाची धार कमी झाली. म्हणूनच केसपेपरवर नुसते ‘फ्लॅप’ लिहिलेले परिचारिकेच्या उपयोगाचे नाही. स्नायू घेतला का, जाळी आहे का, हे पहिल्याच तपासणीत विचारावे लागते.

अलीकडे अशा गरोदर स्त्रियांकडे पाहण्याची नजर बदलली. स्तनाच्या हार्मोन-संवेदी (हार्मोनमुळे वाढणाऱ्या) कर्करोगात दीड ते अडीच वर्षे हार्मोन रोखणारे उपचार घेऊन, गर्भधारणेसाठी दोन वर्षांपर्यंत ते थांबवल्यास नजीकच्या काळात आजार उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. टॅमॉक्सिफेन हे त्यातले औषध मात्र गर्भधारणेच्या काही महिने आधीच बंद करावे लागते. पूर्ण स्तन काढून पुनर्रचना केली असेल, तर त्या बाजूला दूध येत नाही. दुसऱ्या स्तनाचे दूध अनेकदा पुरते, हे आधीच सांगितलेले बरे.

काखेतल्या लसिका गाठी काढलेल्या हाताला सूज येईल म्हणून त्यावर बीपी घ्यायचे नाही, हा जुना दंडकही नव्या अभ्यासांनी सैल केला आहे. शक्यतो दुसरा हात वापरतात. पण दोन्ही बाजूंच्या गाठी काढल्या आहेत म्हणून गरोदर स्त्रीचे बीपी न मोजणे जास्त धोक्याचे.