पुस्तक पुण्याचं, फॉर्म कानडीत

1990 नंतरच्या दशकात बेळगावच्या वडगावातल्या माझ्या मावशीने चटणी-मसाल्याचं काम सुरू करायचं मनावर घेतलं. डंकावर मिरची कुटून आणायची, कांदा-लसूण चटणी आणि शेंगाचटणी घरी करायची, ओळखीच्या दुकानांतून विकायची, असा तिचा बेत होता. त्या आधी तिने एक पुस्तक विकत आणलं. पुण्यात छापलेलं, दीडशे पानांचं, 'घरबसल्या उद्योग' छापाचं. मसाल्याचं प्रमाण, पाकिटाचं वजन, नफ्याचं गणित, सगळं त्यात होतं. कर्जाच्या प्रकरणाशी मात्र ती अडली. पुस्तक म्हणत होतं, सातबारा जोडा, एमएसईबीची परवानगी घ्या, महाराष्ट्र शासनाच्या अमुक खात्याकडे जा. आमच्याकडे वीज कर्नाटकाच्या केईबीची, सातबाऱ्याच्या जागी आरटीसी नावाचा कागद आणि बँकेने हातात ठेवलेला फॉर्म कानडीत. मावशी म्हणाली, "पुस्तक बरं आहे की, खरं आमचं हापीस ह्यात नाही."

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात धंदा करणाऱ्या मराठी माणसाच्या दोन-तीन पिढ्यांची अडचण त्या एका वाक्यात आली आहे. ती कुठून आली हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

धंदा पुस्तकातून शिकायचा ही कल्पनाच आपल्याकडे उशिरा आली. पोराला पेढीवर बसवायचं, त्याने आधी झाडलोट करायची, मग वजनकाटा धरायचा, मग रोजकीर्द आणि खतावणी लिहायची, ही जुनी शाळा. बेळगावच्या रविवार पेठेतल्या घाऊक दुकानांत हा क्रम अजून पुरता मोडलेला नाही. छापील मराठीत पैशाचा विचार आला तो वरच्या अंगाने. लोकहितवादींनी 1849 मध्ये 'लक्ष्मीज्ञान' काढलं, पण ते अर्थशास्त्राचं पुस्तक होतं. देशाची संपत्ती कशाने वाढते हे त्यातून कळे. दुकानाची विक्री कशाने वाढते हे विचारणारा वाचक तेव्हा कुणी डोळ्यांपुढे ठेवला नव्हता.

तो प्रश्न मराठीत ज्यांच्या हातून सुटत गेला त्यांची सुरुवात बेळगावातच झाली, आणि हे आमच्याकडे पुरेशा अभिमानाने सांगितलं जात नाही असं मला वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म 1869 चा. 1888 मध्ये त्यांनी आणि थोरले बंधू रामुअण्णा यांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत, रामुअण्णा इथे त्या विकत. त्या काळी सायकलीची किंमत सातशे-हजार रुपयांच्या घरात होती असं सांगतात. एवढा पैसा मोजणाऱ्याला सायकल चालवता येत नसे, म्हणून रामुअण्णा पंधरा रुपये घेऊन शिकवतही असत. वस्तूबरोबर ती वापरण्याची विद्याही विकायची, हे त्या भावांना कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. गिऱ्हाईक दारात उभं राहून काय विचारतंय, ते ऐकून त्यांना ते सुचलं.

पुढे लक्ष्मणराव मुंबईची शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावला आले. परदेशी यंत्रविद्येची पुस्तकं वाचून त्यांनी कडबा कापायची यंत्रं आणि मग लोखंडी नांगर बनवायला घेतले. पहिला नांगर 1903 च्या सुमाराचा. लोखंडाने जमिनीला विष लागतं अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली, असं सांगितलं जातं. माल उत्तम असूनही गिऱ्हाईक फिरकत नाही, ही वेळ छोट्या धंद्यात कुणावर येत नाही? त्यावर उतारा एकच होता, शेतात जाऊन नांगर चालवून दाखवायचा. तोवर शहराच्या नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. 1910 मध्ये औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावात त्यांच्या नावाचा रस्ता उरला.

किर्लोस्करवाडीहून 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, ते या विषयातलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं पाऊल. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव त्याचे संपादक. मुळात ते नांगर घेणाऱ्या शेतकऱ्यांपर्यंत आणि विक्रेत्यांपर्यंत पोचण्यासाठी काढलेलं कारखान्याचं पत्रक. शंकरराव चित्रकला शिकलेले, जाहिरात डोळ्यांना कशी दिसते हे त्यांना कळत होतं. पण नुसत्या जाहिरातीचा अंक कुणी जपून ठेवत नाही हेही त्यांनी ओळखलं. म्हणून त्यात शेतीची माहिती आली, उद्योगातल्या माणसांच्या हकिकती आल्या, तरुणांना हातपाय हलवायला सांगणारे लेख आले. त्या पत्रकाचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. आज विक्रीच्या पुस्तकांत हेच नव्या शब्दांत शिकवतात: आधी वाचकाच्या उपयोगाचं काही द्या, मालाचं नाव मागाहून येऊ द्या.

त्याच सुमारास, 1919 मध्ये, नागपूरला 'उद्यम' मासिक सुरू झालं होतं. साबण, शाई, मेणबत्त्या, फळांचे टिकाऊ पदार्थ अशा घरगुती धंद्यांची कृती मराठीतून देणारं मासिक म्हणून त्याची ख्याती झाली. (आमच्या बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीशी त्याचा संबंध नाही, शब्द तेवढा सारखा.) स्वदेशीची हवा होती. पैसा फंडाच्या पै-पैशांतून तळेगावला 1908 मध्ये काच कारखाना निघालेला होता, आणि वस्तू स्वतः बनवणं हे देशकार्य मानलं जात होतं. मराठी उद्योग-पुस्तकाचा साचा या काळात पडला: साहित्य, प्रमाण, कृती, खर्च, नफा. बनवण्यावर नव्वद पानं आणि विकण्यावर अर्धं पान, हा त्याचा कायमचा दोषही तेव्हाचाच. माल चांगला असला की खपेल, असं त्या लिहिणाऱ्यांना मनापासून वाटत होतं. नांगराने दोन वर्षं जे शिकवलं ते त्या पुस्तकांत फारसं उतरलं नाही.

तोवर बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, म्हणून पुण्या-मुंबईचं पुस्तक इथे जसंच्या तसं लागू पडत असे. कायदा एक, सरकार एक. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं आणि हे बदललं. सीमाप्रश्नाच्या राजकारणावर भरपूर लिहिलं गेलं आहे. त्याने दुकानदाराच्या टेबलावरचे कागद कसे बदलले, यावर फारच थोडं. मुंबईचा दुकाने व आस्थापना कायदा 1948 चा होता. म्हैसूरने 1961 मध्ये स्वतःचा केला. उद्योगाला कर्ज देणारं म्हैसूरचं वित्त महामंडळ 1959 चं, लघुउद्योगांना शेड आणि कच्चा माल पुरवणारं केएसएसआयडीसी 1960 चं. महाराष्ट्रात एमआयडीसी 1962 मध्ये आली. तेच काम कर्नाटकात केआयएडीबी करतं, ते 1966 मधल्या कायद्याने आलं. जिल्हा उद्योग केंद्रं 1978 पासून देशभर एकाच योजनेत निघाली, तरी खिडकीपलीकडची भाषा त्या-त्या राज्याची राहिली. औरंगाबादला 1988 मध्ये महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र उभं राहिलं आणि मराठीतून प्रशिक्षण देऊ लागलं. आमच्यासाठी तसं केंद्र धारवाडला, आणि त्याचा कारभार कर्नाटकाच्या रीतीने चालणार. त्यात गैर काही नाही. पण पुस्तकाच्या दुकानात मराठी वाचक जे उचलतो ते औरंगाबादच्या वाटेचं असतं, आणि त्याला जायचं असतं धारवाडच्या वाटेने.

म्हणून इथला धंदा पुस्तकांवर थोडा आणि माणसांवर जास्त वाढला. उद्यमबागेतल्या आणि मच्छे भागातल्या फौंड्र्या आणि मशीन शॉप पाहिले की हे दिसतं. एका फौंड्रीत साचे करणारा कारागीर दहा-बारा वर्षांनी स्वतःचं छोटं शेड टाकतो, जुन्या मालकाकडूनच त्याला पहिलं काम मिळतं. खानापुरात मातीचं काम पिढीजात आहे आणि खादी ग्रामोद्योगाची मध्यवर्ती कुंभारकाम संस्थाही तिथेच आहे. तिथे माणूस चाकावर बसून शिकतो. अर्ज भरायचा तर ओळखीचा कानडी जाणणारा मित्र, नाहीतर कचेरीबाहेरचा लिहून देणारा. भांडवलाला भिशी आणि गल्लीतली सोसायटी. हे सगळं चांगलंच आहे, पण ज्याची ओळख नाही त्याला यातलं काही मिळत नाही. मावशीसारख्या पहिल्यांदाच घराबाहेर पाऊल टाकणाऱ्या बाईला पुस्तक लागतं ते एवढ्यासाठीच. पुस्तकाला ओळख लागत नाही.

गेल्या वीस वर्षांत एक गोष्ट सुधारली. बरेचसे कागद केंद्राचे झाले. लघुउद्योगांचा कायदा 2006 चा, अन्न सुरक्षा आणि मानकांचाही त्याच वर्षीचा, मुद्रा कर्ज 2015 पासून, जीएसटी 2017 पासून, उद्यम नोंदणी 2020 पासून. यासाठी पुण्याचं मराठी पुस्तक बेळगावातही तंतोतंत चालतं. उरतात ते राज्याचे आणि पालिकेचे: ट्रेड लायसन्स, विजेची जोडणी (केईबीच्या जागी आता हेस्कॉम), जमीन, लेबर खातं.

आणि उरतो दुकानावरचा बोर्ड. विक्रीच्या प्रत्येक पुस्तकात पहिला धडा नाव आणि फलक यांवर असतो. ठळक, छोटं, गिऱ्हाइकाच्या भाषेत, असं त्यात सांगितलेलं असतं. कर्नाटकात 2024 च्या दुरुस्तीनंतर फलकाचा साठ टक्के भाग कानडीत हवा. गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात उभं राहिलं तर गिऱ्हाईक मराठी, कानडी, उर्दू बोलतं, आणि गोव्याहून खरेदीला आलेलं कुटुंब कोकणीत भाव विचारतं. उरलेल्या चाळीस टक्क्यांत काय मांडायचं, पाकिटावर किती भाषा घ्यायच्या, कानडी मजकूर चुकीचा छापला तर कानडी गिऱ्हाईक किती पटकन दुखावतं, हे सगळं इथल्या मार्केटिंगचं खरं पोट आहे. यावर मराठीत एक प्रकरणही माझ्या पाहण्यात नाही.

कोल्हापुरी चपलेचंही असंच. अथणी-निपाणीकडचे कारागीर पिढ्यान् पिढ्या ती बनवत आले, नाव चाललं कोल्हापूरचं. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे त्यात आले, बेळगाव धरून. म्हणजे इथल्या कारागिराला 'कोल्हापुरी' म्हणून विकायचा कायदेशीर हक्क आहे. हा हक्क कसा वापरायचा, नोंदणी कुठे करायची, हे त्याला घरातल्या भाषेत कुणीतरी लिहून द्यायला हवं.

मावशीने ते स्वतःपुरतं केलं होतं. तिच्या पुस्तकात 'सातबारा' या शब्दाशेजारी पेन्सिलने लिहिलंय, 'आरटीसी, तहसीलदार ऑफिस'. एमएसईबी खोडून केईबी. कर्जाच्या प्रकरणात समासभर कानडी शब्द मराठी अक्षरांत, खाली त्यांचा अर्थ: 'अर्जी', 'सही', 'दिनांक', 'विळास म्हणजे पत्ता'. पहिल्या पानाच्या मागे तीन दुकानांची नावं आणि कुणाकडे किती पाकिटं ठेवली त्याचा हिशेब. ते पुस्तक नंतर शेजारच्या बाईने नेलं, तिच्याकडून तिच्या जावेकडे गेलं, तिथून खानापूरला. मागच्या दिवाळीत ते परत आलं तेव्हा समासात आणखी दोन हस्ताक्षरं होती, आणि केईबी खोडून कुणीतरी हेस्कॉम केलं होतं.