प्लेटपासून जॅकपर्यंत

मी बनवलेलं गिटारचं पहिलं ट्यूब प्रीअँप पेडल (काचेच्या निर्वात ट्यूबनं सिग्नल वाढवणारी पेटी) हातभर केबलवर झकास वाजलं. सहा मीटरची केबल लावली आणि स्पीकरवर गोधडी टाकल्यासारखा आवाज दबला.

ट्यूबला मी उगाच बोल लावला. केबल स्वतःच एक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग असते: मधली तार, भोवती जाळी, मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. सुराच्या प्रत्येक हेलकाव्याला हा कपॅसिटर भरायचा आणि रिकामा करायचा. १२एएक्स७ या माझ्या ट्यूबच्या प्लेटला (जिथून वाढलेला सिग्नल बाहेर येतो) १०० किलोओहमचा रेझिस्टर असेल, तर आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे बाहेर पडताना सिग्नलला होणारा अडथळा, ३८ किलोओहमच्या आसपास येतो. तेवढं चालून गेलं असतं. पण मी पुढे १ मेगओहमचा व्हॉल्यूम पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) लावून थेट जॅक, म्हणजे केबलचं भोक, दिला होता. पॉटचा रोध निम्मा-निम्मा विभागला की जॅककडून दिसतात सुमारे २६० किलोओहम, आणि केबलच्या ६०० पिकोफॅरडशी गाठ पडल्यावर १,००० हर्ट्झच्या वरचे सूर गळायला लागतात. गिटारची सगळी धार त्याच्या वरच असते!

यावर बहुतेक जण कॅथोड फॉलोअर सुचवतात, म्हणजे सिग्नल न वाढवता फक्त इम्पीडन्स उतरवणारा ट्यूबचा टप्पा. तो उत्तमच, इम्पीडन्स हजार ओहमच्या खाली आणतो. पण १२एएक्स७मध्ये दोन स्वतंत्र अर्धे भाग असतात, त्यातला आणखी एक खर्ची पडतो. शिवाय प्लेटवर सिग्नल २० व्होल्टपर्यंत हलतो आणि पुढच्या अँपला एखादा व्होल्ट पुरतो. सिग्नल टाकून द्यायचाच आहे, तर तो टाकतानाच इम्पीडन्स का उतरवू नये?

म्हणून आता प्लेटचा डीसी व्होल्टेज अडवणाऱ्या कपॅसिटरनंतर १०० किलोओहमचा रेझिस्टर, मग ग्राउंडकडे (सर्किटच्या शून्य व्होल्टकडे) १० किलोओहमचा पॉट, त्याच्या मधल्या पायावरून जॅक. सिग्नल पंधरापट घटतो आणि इम्पीडन्स पॉट कुठेही फिरवला तरी १० किलोओहमच्या आतच राहतो. ०.१ मायक्रोफॅरडचा हाच कपॅसिटर इथे ११ हर्ट्झपर्यंत साथ देतो. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झची. मात्र हा कपॅसिटर ४०० व्होल्टचाच घ्या. चालू करताना ट्यूब थंड असते, त्यामुळे सप्लायचा पूर्ण विजेचा दाब त्याच्यावर येतो. आणि प्लग काढल्यावरही सप्लायची वीज सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब उरतो. रेझिस्टरमधून तो उतरवून, मीटरनं तपासूनच आत हात घाला.

केबल तीच सहा मीटरची आहे. आता तारेवर पिक घासल्याची खरखरही ऐकू येते.