सोन्यावर मोजलेली फट

गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात एका टेबलावर काळी लॉकेटं मांडलेली दिसली. 'ग्राफीन आहे, अंगातली ऊर्जा संतुलित ठेवतं,' असं विक्रेता सांगत होता, आणि माझ्यासमोर एका बाईंनी दोन घेतली. कार्बन गळ्यात बांधून शरीरात काहीही संतुलित होत नाही. ग्राफीनची खरी गोष्ट यापेक्षा किती तरी सुंदर आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

ग्राफीन म्हणजे पेन्सिलीतल्या ग्राफाइटचा एकाच अणूच्या जाडीचा थर. गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी २००४ मध्ये तो चिकटपट्टीने सोलून वेगळा केला. २०१० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यातून इलेक्ट्रॉन सुसाट धावतात, पण थांबत नाहीत. ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला सूक्ष्म स्विच, बंद करता यायला हवा, आणि त्यासाठी भरलेल्या व रिकाम्या ऊर्जापातळ्यांमध्ये फट लागते. तिला बँड गॅप म्हणतात. ग्राफीनमध्ये ती शून्य असते.

मग ग्राफीनची अगदी अरुंद फीत घ्यायची, म्हणजे नॅनोरिबन. सतारीची तार दोन्ही टोकांना बांधली की तिच्यात ठरावीक लहरीच बसतात. फितीच्या रुंदीतही इलेक्ट्रॉनच्या मोजक्याच लहरी मावतात आणि फट उघडते. इथे एकेक अणू मोजावा लागतो: गणितानुसार ७ अणू रुंद फितीत फट मोठी, ८ मध्ये एकदम लहान, ९ मध्ये पुन्हा मोठी. असं काटेकोर काम कात्रीचं नव्हे. २०१० मध्ये स्वित्झर्लंडची एम्पा ही संशोधन संस्था आणि जर्मनीत माइन्झची माक्स प्लांक संस्था इथल्या संशोधकांनी फीत कापली नाही, सोन्यावर वाढवली. ब्रोमीन जोडलेले रेणू सोन्यावर पसरून सुमारे २०० अंशांना तापवले. ब्रोमीन सुटलं, रेणूंची साखळी झाली. ४०० अंशांना हायड्रोजनही गेला आणि ७ अणू रुंद सपाट फीत तयार झाली.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. अधांतरी असलेल्या या फितीची फट गणिताने सुमारे ३.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट (इलेक्ट्रॉनची ऊर्जा मोजायचं एकक) येते. सोन्यावर मोजली तर सुमारे २.४. फीत तीच, रुंदी तीच, मग बाकीची फट गेली कुठे?

मोजमाप कसं होतं ते पाहा. फितीत एक इलेक्ट्रॉन जादा घालायला किती ऊर्जा लागते आणि एक काढायला किती, यांतून फट ठरते. म्हणजे मोजताना फीत क्षणभर विद्युतभारित होते. खाली सोनं असतं, त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन लगेच हलतात. वर ऋणभार आला की ते मागे सरतात, वरून ऋणभार गेला की पुढे येतात. पृष्ठभागाखाली जणू उलट भाराचं प्रतिबिंब उभं राहतं आणि ते वरच्या भाराला ओढून धरतं. त्यामुळे इलेक्ट्रॉन घालणंही स्वस्त होतं आणि काढणंही. फटीची वरची कड खाली येते, खालची वर येते. प्रतिबिंब जितकं जवळ तितकी ओढ जास्त, आणि फीत सोन्यापासून काही दशांश नॅनोमीटरवरच असते. म्हणून '७ अणूंच्या फितीचा बँड गॅप किती?' हा प्रश्नच अर्धवट आहे. ती कशावर ठेवली आहे, हेही विचारायला हवं.

पुढे सोन्याचा हा प्रभाव कमी करायला संशोधकांनी अशा आखूड फिती सोन्यावरून सरकवून मिठाच्या पातळ थरावर नेल्या. सोन्यावर फितीच्या टोकांवरच्या इलेक्ट्रॉनांची एकच पातळी दिसत असे. मिठावर ती फुटून दोन झाल्या, मध्ये १.९ इलेक्ट्रॉन व्होल्टचं अंतर. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, आपल्या मिठागरांत पिकतं तेच, फक्त अतिशय पातळ.